फ्रीव्हील की कॅसेट? जुनी एमटीबी अपग्रेड करायची की दुसरी घ्यायची, हे मागच्या हबला विचारा

सात गिअरची स्वस्त एमटीबी (माउंटन बाइक) सुधारायला निघालेले बहुतेक जण आधी डिरेलरची (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाची) चौकशी करतात. चौकशी मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाची, करायला हवी. तिथला दातेरी चकत्यांचा गठ्ठा फ्रीव्हील असतो किंवा कॅसेट. लांबून दोन्ही सारखेच दिसतात, पण पुढचा सगळा खर्च यातलं काय निघतं त्यावर ठरतो.

पेडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं ते रॅचेटमुळे, म्हणजे एकाच दिशेने पकड घेणाऱ्या यंत्रणेमुळे. फ्रीव्हीलमध्ये रॅचेट चकत्यांच्या गठ्ठ्यातच असतं आणि अख्खा गठ्ठा हबच्या आट्यांवर घट्ट फिरवलेला असतो. कॅसेटच्या चाकात रॅचेट हबला जोडलेल्या फ्रीहबमध्ये असतं. चकत्या फ्रीहबच्या खाचांवर सरकवायच्या आणि बाहेरून लॉकरिंग (त्यांना धरून ठेवणारी कडी) आवळायची.

ओळखायला चाक काढा, मधल्या भागात टूल बसायच्या खाचांवर नजर ठेवा आणि चकत्या उलट्या फिरवा. खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागच्या जागी राहिल्या तर फ्रीव्हील. सर्वात लहान चकतीचे दातही मोजा: 14 असतील तर बहुधा फ्रीव्हील, 11 किंवा 12 असतील तर बहुधा कॅसेट. गिअरच्या संख्येवरून मात्र निष्कर्ष काढू नका. सात गिअरच्या कॅसेट असतात, तशी आठ-नऊ गिअरची फ्रीव्हीलही विकली जातात.

ही आठ-नऊ गिअरची फ्रीव्हील घेऊच नयेत. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवं बेअरिंग गठ्ठ्याच्या आतल्या बाजूला राहतं, त्यामुळे तिथून फ्रेमपर्यंतचा एक्सलचा (चाकाच्या मधल्या दांड्याचा) तुकडा आधाराविना लोंबतो. गठ्ठा जितका रुंद तितका हा तुकडा लांब. वजनदार चालवणारा आणि खडकाळ पायवाट एकत्र आली की एक्सल वाकतो, कधी तुटतोच. फ्रीहबमध्ये उजवं बेअरिंग पार बाहेरच्या टोकाजवळ असल्याने हा त्रास फार कमी होतो. वाकलेला एक्सल तपासायचा तर चाक काढून एक्सल बोटांनी फिरवा. टोक गोल फिरताना डुललं तर तो वाकलाय. फ्रीव्हील स्वतः किंचित डुलतं, तो दोष नाही.

तुमची तक्रार फक्त चढाची असेल, तर फ्रीव्हील असूनही स्वस्तात काम होतं. 14-28 (सर्वात लहान चकतीला 14 दात, सर्वात मोठीला 28) काढून 14-34 बसवा. पुढे 24 दातांची चकती असेल तर सर्वात हलका गिअर (पुढचे दात भागिले मागचे दात) 0.86 वरून 0.71 वर येतो, आणि सिंहगडासारख्या चढाला हा फरक पायांना लगेच कळतो. डिरेलर 34 दात पेलतो का ते आधी पाहा आणि चेनची लांबी मोठ्या चकत्यांवर तपासा. एक उणीव राहते: शिमानो कंपनीच्या मेगारेंज फ्रीव्हीलमध्ये 24 नंतर थेट 34 येते, त्यामुळे शेवटच्या गिअरला पायांची लय तुटते.

फ्रीव्हील प्रत्येक पेडलबरोबर आणखी आवळलं जातं, म्हणून काढताना जोर लागतो. योग्य टूल खाचांत पूर्ण बसवा, घसरू नये म्हणून क्विक रिलीज (चाक पटकन काढता येणारी खिट्टी) किंवा नटने हलकं धरून ठेवा, टूल व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) पकडा आणि दोन्ही हातांनी चाक डावीकडे फिरवा. सैल झालं की लगेच नट ढिला करा. बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि सुरुवात हातानेच करा. ॲल्युमिनियमच्या हबवर आटे वाकडे लागले तर हब गेला.

याउलट आठ किंवा नऊ गिअर हवेत, तर फ्रीहब असलेलं, 135 मिमी रुंद हबचं मागचं चाक, कॅसेट, उजवा शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) आणि चेन, इतकं सगळं लागतं. शिमानोचा सात-आठ गिअरचा डिरेलर नऊपर्यंतही चालतो, तो लगेच बदलू नका. दहाला मात्र एमटीबी शिफ्टर केबल वेगळ्या प्रमाणात ओढतो, तिथे डिरेलरही नवा लागतो. फ्रीहब आधीच असेल तर चाकाचा खर्च वाचतो, आणि तेव्हाच हे अपग्रेड पटण्यासारखं आहे. शिमानोच्या हायपरग्लाइड या नेहमीच्या खाचांच्या फ्रीहबवर (सात गिअरची आखूड बॉडी सोडून) दहाची आणि 11-42 सारखी अकराची एमटीबी कॅसेटही बसते. दहा दातांपासून सुरू होणारी शिमानोची बारा गिअरची कॅसेट बसत नाही, तिला मायक्रो स्प्लाइन हे वेगळ्या खाचांचं फ्रीहब लागतं.

फ्रीव्हील, वाकलेला एक्सल, खडखडणारा फोर्क (पुढचं चाक धरणारा भाग) आणि मनात दहा गिअर, असं सगळं एकत्र असेल तर सुटे भाग घेऊ नका, दुसरी सायकल घ्या. जुन्या फ्रेमला बहुधा सरळ 28.6 मिमीचा स्टीअरर (फोर्कची फ्रेममध्ये जाणारी नळी) आणि साधे क्विक रिलीज असतात. आजचे चांगले फोर्क टेपर्ड (खाली रुंद होत जाणाऱ्या नळीचे) असतात आणि थ्रू-एक्सल (आरपार जाणारा जाड एक्सल) मागतात, ते तिथे बसत नाहीत. फ्रेम तर बदलत नाहीच.

तोपर्यंत पैसे घालायचेच असतील तर नव्या सायकलवर नेता येतील अशा वस्तूंवर घाला: पेडल, सीट, चाकाचा आकार तोच ठेवणार असाल तर टायर, आणि माउंट (ब्रेक बसवायच्या जागा) जुळत असतील तर हायड्रॉलिक ब्रेक. सेकंडहँड सायकल पाहायला जाताना चेन मोजायची पट्टी बरोबर न्या. बारा इंचांत 1/16 इंच ताण दिसला तर चेन बदलायला आलीय, 1/8 दिसला तर कॅसेटही गेली असं धरून भाव करा.