व्हिनियर दाताला धरून राहतं कसं?

'व्हिनियर' म्हणून फिरणाऱ्या अनेक व्हिडिओंत दात चहूबाजूंनी घासून त्यांच्या खुंट्या केलेल्या दिसतात. ते व्हिनियर नव्हे. ती कॅपची तयारी. कॅपसाठी दात सर्व बाजूंनी साधारण १ ते २ मिलिमीटर घासतात. व्हिनियर हा दाताच्या दर्शनी बाजूला बसणारा सिरॅमिकचा पापुद्रा, बहुधा ०.३ ते ०.७ मिलिमीटर जाडीचा. सुटा असताना हाताळतानाही तडकेल इतका नाजूक, पण नीट जोडला की त्याच दाताने सफरचंद तोडता येतं. सगळी करामत जोडाची आहे.

दाताचं बाहेरचं कवच, म्हणजे एनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. त्यात जेमतेम ५ मायक्रोमीटर जाडीचे दांडे एकमेकांना खेटून उभे असतात. त्यावर ३७ टक्क्यांच्या आसपासचं फॉस्फरिक आम्लाचं जेल १५ ते ३० सेकंद ठेवलं, की कुठे दांड्यांचा गाभा विरघळतो, कुठे कडा. धुऊन वाळवल्यावर चकचकीत दात खडूसारखा निस्तेज दिसला, म्हणजे काम झालं. या खाचांत पातळ रेझिन (प्लास्टिकसारखं चिकट द्रव्य) झिरपतं आणि निळ्या प्रकाशाने तिथेच कडक होतं. आम्लाची ही युक्ती मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये मांडली. त्यांनी तर ८५ टक्के आम्ल वापरलं होतं.

सिरॅमिकलाही असंच खरवडावं लागतं. व्हिनियरच्या लिथियम डायसिलिकेट या काचमिश्रित सिरॅमिकवर ५ टक्के हायड्रोफ्लोरिक आम्ल २० सेकंद लावतात (तोंडाबाहेर, हे आम्ल अतिशय घातक). त्यातली काच विरघळते, सुईसारखे स्फटिक उघडे पडतात. मग सिलेन हे जोडद्रव्य लावतात: या रेणूचं एक टोक सिलिकाला धरतं, दुसरं रेझिनला. झिरकोनिया या दुसऱ्या सिरॅमिकमध्ये काचच नसते, म्हणून तिथे अॅल्युमिनाच्या बारीक कणांचा मारा करून फॉस्फेट गट असलेला प्रायमर (जोडाआधीचा पातळ थर) लावतात; हा गट झिरकोनियाला धरतो. लाळ आधी लागली तर तिच्यातले फॉस्फेट त्या गटाची जागा अडवतात, आणि नुसत्या पाण्याने ते निघत नाहीत.

जोड फसतो तो बहुतेकदा एनॅमलच्या आतल्या डेंटिनवर. त्यात खनिज सुमारे ७० टक्केच, बाकी कोलॅजन (प्रथिनाचे धागे) आणि पाणी. आम्ल लावून फार वाळवलं तर कोलॅजनचं जाळं चिपकून बसतं आणि रेझिन आत शिरत नाही. ओलं राहिलं तर काळानुसार जोड कुजतो. हिरडीलगत एनॅमल मुळातच पातळ, त्यामुळे डेंटिन उघडं पडतं ते तिथेच. म्हणून तर 'आयुष्यभराची हमी' देणाऱ्या जाहिराती मला चीड आणतात. एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच नाहीशा होतात. त्यामुळे व्हिनियरसाठी घासलेलं एनॅमल पुन्हा येत नाही.

ते वाचवायचा चांगला मार्ग म्हणजे घासण्याआधी नव्या आकाराचा तात्पुरता रेझिनचा थर दातांवर बसवणं आणि ठरलेल्या खोलीच्या खुणा त्याच्यातूनच करणं. मग खोली आजच्या दातापासून नव्हे, उद्याच्या आकारापासून मोजली जाते. दात पुढच्या बाजूने जाड करायचा असेल तिथे हत्यार बऱ्याचदा त्या थरातच थांबतं, एनॅमलला जेमतेम स्पर्श होतो.