खोटे कथन दाखल झाल्यावर: वकिलाच्या कर्तव्याची पार्श्वभूमी

वकिलाने न्यायालयाला फसवू नये, हा दंडक फार जुना आहे. इंग्लंडमध्ये 1275 च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने राजाच्या न्यायालयात कपट करणाऱ्या वकिलाला एक वर्ष आणि एक दिवसाची कैद ठरवली होती, शिवाय त्यानंतर त्याला कोणाचीही बाजू मांडता येत नसे. मात्र अशिलावर विसंबून सद्भावनेने दाखल केलेले कथन पुढे खोटे निघाले, तर वकिलाने काय करावे, हा प्रश्न बराच काळ मोघमच राहिला.

त्याचे ठाम उत्तर मिळाले ते 1939 साली, इंग्लंडमधल्याच मायर्स विरुद्ध एलमन या खटल्यात. फसवणुकीच्या एका दाव्यात प्रतिवादींनी आपल्याजवळच्या कागदपत्रांविषयी दिलेली प्रतिज्ञापत्रे अपुरी आणि खोटी होती. दाव्याचा निकाल त्यांच्या विरोधात गेला, पण त्यांच्याकडून खर्च वसूल होईना, म्हणून तो थेट त्यांच्या सॉलिसिटरकडे, म्हणजे दाव्याची कागदपत्रे तयार करून दाखल करणाऱ्या वकिलाकडे, मागण्यात आला. ते काम आपल्या कारकुनाने पाहिले होते, हा सॉलिसिटरचा बचाव हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, मानला नाही. अजाणतेपणी दाखल केलेले प्रतिज्ञापत्र निश्चितपणे खोटे असल्याचे नंतर कळले आणि वकील त्या प्रकरणात कायम राहणार असेल, तर शक्य तितक्या लवकर ती चूक सुधारणे हे न्यायालयाप्रती त्याचे देणे आहे, असे न्यायाधीश व्हायकाउंट मॉम यांनी त्यात स्पष्ट केले. अमेरिकन बार असोसिएशनने 1983 च्या आदर्श नियमांत याहून पुढचे पाऊल टाकले. खोटा पुरावा दिल्याचे उमगल्यावर, गरज पडल्यास अशिलाची गोपनीयता बाजूला ठेवूनही, वकिलाने न्यायालयाला सत्य सांगावे, असे त्यात म्हटले आहे.

भारतात चित्र वेगळे आहे. अधिवक्ता अधिनियम, 1961 अन्वये बार काउन्सिल ऑफ इंडियाने केलेल्या नियमांनुसार वकिलाने अशिलाला गैरमार्गापासून रोखायचे असते आणि तो ऐकत नसेल, तर त्याचे काम नाकारायचे असते. वकील हा अशिलाचा निव्वळ भोंगा नव्हे, हेही त्यांत आले आहे. पण आधीच दाखल झालेले खोटे दुरुस्त करा, अशी थेट आज्ञा त्यांत नाही. दाव्याच्या किंवा कैफियतीच्या (प्रतिवादीच्या लेखी उत्तराच्या) शेवटी सत्यापनावर, म्हणजे मजकूर खरा असल्याच्या कबुलीवर, सही पक्षकाराची असते, त्यामुळे खोट्या कथनाचा ठपकाही सहसा त्याच्यावरच येतो. हक्कसोडपत्र दडवून मिळवलेला हुकूमनामा सर्वोच्च न्यायालयाने 1993 साली चेंगलवराय नायडू प्रकरणात निरर्थक ठरवला, तेव्हाही रोख पक्षकाराकडेच होता.

तो रोख वकिलाकडे वळायला बराच काळ जावा लागला. शिक्षेतील सवलतीच्या एका याचिकेत महत्त्वाची वस्तुस्थिती दडवली गेल्यावर, फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्डची, म्हणजे त्या न्यायालयात प्रकरण दाखल करण्याचा अधिकार असलेल्या वकिलाची, जबाबदारी स्पष्ट केली: मसुदा दुसऱ्या वकिलाने केलेला असला, तरी तो दाखल करणाऱ्याने मूळ कागदपत्रे वाचून तथ्यांची खातरजमा केली पाहिजे.

हा निकाल मुख्यतः दिल्लीतल्या दाखल करणाऱ्या वकिलांपुरता आहे. जिल्हा न्यायालयांत अडचणीत सापडलेला वकील बहुधा ‘नो इन्स्ट्रक्शन्स’ची (अशिलाकडून सूचना नाहीत, असे न्यायालयाला लेखी कळवणारी) पुरसीस देऊन मोकळा होतो. पुरसिशीत कारण लिहिलेले नसते, खोटे कथन फाइलमध्ये तसेच राहते आणि नव्या वकिलाचा युक्तिवाद त्याच कथनावर उभा राहतो.