कांद्याची साल आणि द्राक्षाचं पान: झाडांची दोन वेगळी रोगनाशकं

मार्केट यार्डात कांदा निवडताना वरची सुकी साल आपण सहज चोळून टाकतो. कांद्याच्या दृष्टीने ती साल फार मोलाची असते. तांबड्या आणि पिवळ्या कांद्याच्या सुक्या सालीत कॅटेकॉल आणि प्रोटोकॅटेच्युइक आम्ल ही पाण्यात विरघळणारी द्रव्यं असतात. साल ओली झाली की ती पाझरतात आणि कोलेटोट्रिकम सर्सिनन्स या बुरशीचे बीजाणू रुजू देत नाहीत. पांढऱ्या कांद्याला हे संरक्षण नाही, म्हणून त्याच्यावर या बुरशीचे काळपट डाग पडतात. विस्कॉन्सिन विद्यापीठात वॉकर आणि लिंक यांनी 1929 ते 1933 या काळात याचा उलगडा केला. साल सोलली, की आतल्या मांसल पाकळ्यांवर तांबड्या कांद्यालाही हा रोग होऊ शकतो. (सालीखाली हाताला लागणारी काळी भुकटी निराळ्या बुरशीची, अस्परजिलस नायजरची. ती तांबड्या कांद्यावरही वाढते.)

आता नारायणगाव-जुन्नरकडच्या द्राक्षबागेत या. निरोगी पानात रेझव्हेराट्रॉल हे बुरशीला रोखणारं द्रव्य जवळजवळ नसतंच. केवडा या पानांवरच्या रोगाची किंवा बोट्रायटिसची बुरशी शिरली, की पेशी ते बनवायला घेतात आणि त्यातून पुढे बुरशीला अधिक मारक असलेली विनिफेरिनं ही द्रव्यं तयार होतात. अतिनील किरणांचा मारा झाला तरी रेझव्हेराट्रॉल बनतं, हे 1976 मध्ये लँगकेक आणि प्राइस यांनी दाखवलं.

दोन्हींना सरसकट ‘वनस्पतीतली नैसर्गिक बुरशीनाशकं’ म्हटलं जातं आणि घोटाळा तिथेच होतो. रोग येण्याआधीपासून झाडात तयार असतं ते फायटोअँटिसिपिन. रोगाची चाहूल लागल्यावर नव्याने बनतं ते फायटोअलेक्सिन. पहिल्यात प्रश्न साठ्याचा आहे, दुसऱ्यात वेगाचा. आपल्याकडची थॉम्पसन सीडलेस युरोपीय द्राक्षाच्या जातकुळीतली. तिला रेझव्हेराट्रॉल बनवता येतं, तरी केवडा तिला गाठतोच. केवडा मूळचा अमेरिकेतला. तिथल्या कितीतरी रानद्राक्षांची पानं मारक विनिफेरिनं लवकर आणि भरपूर बनवतात.

फायटोअलेक्सिनची कल्पना मात्र बटाट्यावरून आली. जर्मनीत म्युलर आणि बोर्गर यांनी बटाट्याच्या कापांवर आधी करप्याच्या बुरशीचा असा वाण सोडला, जो त्या बटाट्याला रोग करू शकत नव्हता. मग त्याच जागी रोग करणारा वाण सोडला. दुसऱ्याला तिथे वाढताच आलं नाही. पहिल्या वाणाला तोंड देताना पेशींनी काहीतरी नवं बनवलं असणार, असा निष्कर्ष त्यांनी 1940 मध्ये मांडला. द्रव्य हाती नसताना केवळ बुरशीच्या वागण्यावरून काढलेला हा निष्कर्ष मला आजही थक्क करतो.

लसूण इथे हमखास फसवतो. अख्ख्या पाकळीत ॲलिसिन हे त्याचं उग्र वासाचं, जंतूंना मारक द्रव्य नसतं, ठेचल्यावर काही सेकंदांत बनतं. म्हणजे फायटोअलेक्सिन? नाही. त्याचा कच्चा माल ॲलिइन आणि त्यावर काम करणारं विकर (एन्झाइम), दोन्ही पाकळीत आधीच वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली असतात. ठेचल्यावर ती फक्त एकत्र येतात. त्यासाठी पेशीला नवी जनुकं चालू करावी लागत नाहीत, म्हणून ॲलिसिन पहिल्या गटात. रेणूच्या रचनेवरूनही गट ठरत नाही. साकुरानेटिन हे बुरशीरोधक द्रव्य भाताच्या पानात रोगानंतर बनतं, तर ब्लॅककरंटच्या पानांवर ते आधीपासूनच असतं.

दोन्ही तऱ्हा एकाच झाडात पाहायच्या तर ज्वारी पाहावी. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य साठवलेलं असतं. पान चावलं गेलं की त्यातून सायनाइड सुटतं, म्हणूनच जनावरांना कोवळी ज्वारी चारत नाहीत. हा साठा मुख्यतः खाणाऱ्यांविरुद्ध. बुरशीसाठी ज्वारीची तयारी वेगळी आहे. कोलेटोट्रिकम गटातली बुरशी पानात घुसू लागली, की त्या पेशीत नारिंगी-तांबडे कण तयार होतात, बुरशी शिरते आहे त्या जागेकडे सरकतात आणि तिथे फुटून रंगद्रव्य सोडतात. त्यात बुरशीही मरते आणि ती पेशीही. हे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसतं.

भुईमुगाच्या बाबतीत हा फरक थेट आपल्या ताटापर्यंत येतो. दाण्यात अस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी शिरली, की दाणा स्टिलबीन गटातली फायटोअलेक्सिनं बनवतो. पण ती बनवायला दाण्यात पाणी लागतं. शेंगा भरण्याच्या शेवटच्या आठवड्यांत पावसाने ताण दिला आणि जमीन तापली, की दाणा सुकत जातो, त्याची ही क्षमता संपते. बुरशी मात्र त्या कोरड्यातही वाढत राहते आणि दाण्यात अफ्लाटॉक्सिन हे तिचं विष साठू लागतं. म्हणून त्या टप्प्यावर विहिरीत पाणी असेल तर ते भुईमुगाला आधी द्यावं.