रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे ज्येष्ठांचं सगळं ठीक?

‘साखर, बीपी नॉर्मल असेल तर ज्येष्ठांचं आयुष्य छानच चाललंय’ हा समज बराच फिरतो. पण रिपोर्ट फक्त शरीराबद्दल सांगतो, तेही अर्धवट. जगण्याचा दर्जा मोजणारी, जगभर रुळलेली 26 प्रश्नांची प्रश्नावली मागच्या 2 आठवड्यांतली झोप, दुखणं, मन, नाती, घर, पैसा, प्रवासाची सोय असं सगळं विचारते. जिन्याची किंवा रस्ता ओलांडायची भीती माणसाला घरात बसवते. रक्ततपासणीत ती दिसत नाही.

प्रत्येक उत्तराला 1 ते 5 गुण. दुखणं, उपचारांवरचं अवलंबन आणि उदासी या 3 प्रश्नांत मात्र जास्त गुण म्हणजे जास्त त्रास, म्हणून त्यांचे गुण 6 मधून वजा करायचे. हे राहिलं, की त्रासलेला माणूस कागदावर सुखी दिसतो. पडताळायचं असेल तर ज्येष्ठांना एकटं असताना विचारा. मुलं शेजारी बसली की मोकळी उत्तरं मिळणं कठीण.