हार्टवर्मची महिन्याची गोळी: सोमलाच्या इंजेक्शनापासून इथवर

अमेरिकेत कुत्रा पाळणाऱ्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो. कुत्रा ठणठणीत आहे, मग दर महिन्याला हार्टवर्मची, म्हणजे हृदयात वाढणाऱ्या जंताची, गोळी कशाला? आणि ती लिहून देण्याआधी डॉक्टर रक्त तपासण्यावर का अडून बसतात? दोन्हींची उत्तरं या रोगाच्या इतिहासात सापडतात.

कुत्र्याच्या हृदयातल्या जंतांची नोंद इटलीच्या फ्रान्चेस्को बिरागो यांनी १६२६ सालीच केली होती. १८५६ मध्ये फिलाडेल्फियाच्या जोसेफ लायडी यांनी या जंताचं शास्त्रीय वर्णन केलं. पण तो हृदयापर्यंत पोचतो कसा, हे कोडं सुटायला डासाकडे लक्ष जावं लागलं. माणसाच्या हत्तीरोगाचा अभ्यास करताना पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ साली चीनमधल्या अमॉय इथे डासाच्या पोटात त्या रोगाच्या जंताच्या अळ्या वाढताना पाहिल्या. १९०० साली इटलीत ग्रासी आणि नोए यांनी कुत्र्यांतल्या हार्टवर्मचाही प्रसार डासच करतो हे दाखवलं.

रोगी कुत्र्याच्या रक्तातली सूक्ष्म पिल्लं डासाच्या पोटात जातात. हवा उबदार असेल तर साधारण दोन आठवड्यांत ती दुसऱ्या कुत्र्याला लागण करण्याइतकी वाढतात. डास चावला की अळी कातडीत शिरते, दोनेक महिने स्नायूंत आणि ऊतींत वाढते, मग रक्तातून फुप्फुसाच्या धमन्यांत जाऊन ठाण मांडते. सहा-सात महिन्यांनी तिची पिल्लं रक्तात दिसू लागतात. मादी पंचवीस-तीस सेंटिमीटर लांब होते आणि पाच ते सात वर्षं जगते. कुत्रा खोकायला लागतो, धापा टाकतो तोवर बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढची कित्येक वर्षं उपाय होता सोमलयुक्त (आर्सेनिकयुक्त) औषधाचा. इंजेक्शन शिरेतून, दोन दिवसांत चार वेळा. सुई जरा सरकून औषध शिरेबाहेर सांडलं तर तिथली कातडी सडून गळायची. जंत मेले तरी सुटका नसे, कारण त्यांचे तुकडे फुप्फुसात अडकत. म्हणूनच उपचारानंतर कुत्र्याला कित्येक आठवडे बांधून, शांत ठेवावं लागे. १९९५ मध्ये मेलार्सोमीन आलं. ते कमरेच्या स्नायूत देतात आणि आधीच्या औषधापेक्षा सुरक्षित आहे, पण तेही सोमलाचंच, आणि विश्रांतीची सक्ती आजही सुटलेली नाही. बरं करणं इतकं जिकिरीचं, म्हणून लागण होऊच न देण्यावर सगळा भर गेला, आणि माझ्या मते तो अगदी योग्य होता.

पहिलं प्रतिबंधक औषध होतं डीईसी, विदर्भात हत्तीरोगासाठी घरोघरी वाटल्या जाणाऱ्या गोळ्यांतलंच. कुत्र्याला ते रोज द्यावं लागे, दोन-तीन दिवसांचा खंड पडला की संरक्षण डळमळे. शिवाय रक्तात आधीच पिल्लं असतील तर या गोळीने कुत्रा शॉकमध्ये जाऊन दगावू शकत असे. आधी तपासणी, मग गोळी हा शिरस्ता तेव्हापासूनचा.

पुढचं वळण जपानच्या मातीतून आलं. सातोशी ओमुरा यांनी शिझुओका भागातल्या एका गोल्फ मैदानाजवळून आणलेल्या जिवाणूपासून मर्क कंपनीत विल्यम कॅम्बेल यांच्या गटाने आयव्हरमेक्टिन घडवलं. १९८७ साली ते अमेरिकेत कुत्र्यांसाठी महिन्याची गोळी म्हणून आलं. २०१५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं, चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांच्यासोबत. ही गोळी पुढच्या महिन्याचं कवच नव्हे. मागच्या महिन्यात शिरलेल्या कोवळ्या अळ्या ती मारते. अळी मोठी झाली की हा डोस पुरत नाही, म्हणून तारीख पाळायची.

डोसही अगदी थोडा, किलोमागे सहा मायक्रोग्रॅम. जास्त मात्रेने कॉली जातीचे कुत्रे कोमात गेले होते. त्यामागचा जनुकीय दोष २००१ मध्ये सापडला. आपल्याकडे गोचीड-खरजेसाठी गुरांचं आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचलं जातं, ते थांबायलाच हवं.

भारतात हृदयातला हा जंत मुख्यतः आसाम, मिझोराम अशा ईशान्येकडच्या राज्यांत आढळतो. केरळसह इतर ठिकाणी त्याचा कातडीखाली राहणारा भाऊबंद जास्त दिसतो.

२००५ मध्ये कतरिना चक्रीवादळानंतर लुइझियाना आणि मिसिसिपीतले बेघर कुत्रे अमेरिकाभर दत्तक गेले. त्यांतल्या अनेकांना हार्टवर्म होता. पुढे मिसिसिपीच्या खोऱ्यात या औषधांना दाद न देणारे जंतही सिद्ध झाले. त्यामुळे आता तिकडचे डॉक्टर वर्षभर गोळी, डासांपासून बचाव आणि दरसाल तपासणी, तिन्ही सांगतात. नेहमीची तपासणी प्रौढ मादीचा अंश शोधते, चार-पाच महिन्यांची लागण तिला दिसत नाही. म्हणून दत्तक आणलेल्या कुत्र्याचा अहवाल आज निगेटिव्ह आला तरी सहा महिन्यांनी रक्त पुन्हा तपासतात.