फेस जास्त म्हणजे काच स्वच्छ?

"भरपूर साबण, भरपूर पाणी, तरच खिडकीची काच लख्ख निघते," हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. कपडे धुण्याच्या अनुभवावरून तो पटतोही.

पण कापडासारखा काचेत मळ मुरत नाही, तो वरच्यावरच असतो. तो सुटायला थोडा ओलावा पुरतो. जास्तीचा साबण वाळला की त्याचा पातळ थर उरतो. उन्हात दिसणारे धुरकट पट्टे बहुधा त्याचेच. आणि जास्तीचं पाणी? ते चौकटीच्या खाचेत साचतं आणि काच पुसून झाल्यावरही फरशीवर ठिबकत राहतं.

आतल्या बाजूसाठी एक लिटर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे 4-5 थेंब बास. मायक्रोफायबरचं फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा, इतकं की उचलल्यावर थेंब पडू नये. खालच्या चौकटीवर सुका टॉवेल घडी करून ठेवा. काच ओली केली की वरच्या कडेची बोटभर पट्टी कोरडी करा; तिथून सुरुवात केली की वायपरच्या रबराखालून पाणी निसटत नाही. आधीच्या पट्ट्यावर दोनेक सेंटिमीटर चढवत ओढा आणि दर ओढीनंतर रबर पुसाच. बहुतेकांचं इथेच चुकतं: रबरावरचं पाणी पुन्हा काचेवर येतं, नाहीतर फरशीवर.

पडताळायचंय? एकाच काचेचा अर्धा भाग फेसाने पुसा, अर्धा असा. वाळल्यावर दोन्हीकडे तोंडाची वाफ सोडा. साबण उरला असेल तिथे फडक्याचे फराटे उमटतात.