चित्रातले डोळे खरंच पाठलाग करतात का?

जुन्या व्यक्तिचित्रांबद्दल एक समज फिरत असतो: चित्रकाराला गुप्त विद्या अवगत होती, म्हणून डोळे आपल्यामागे फिरतात.

अनुभव खरा आहे, कारण मात्र वेगळं. कॅनव्हास सपाट असतो. बसलेला माणूस चित्रकाराकडे थेट बघत असेल, तर बुबुळ आणि पांढऱ्या भागाचं जे प्रमाण रंगवलं जातं, ते आपण बाजूला सरकल्याने बदलत नाही. पुतळा सपाट नसतो, म्हणून बाजूला सरकलं की त्याची नजर मात्र सुटते. चित्रकाराचं खरं कौशल्य वेगळीकडे दिसतं: उदाहरणार्थ, 17व्या शतकात स्कॉटलंडच्या अ‍ॅबरडीन शहरात रंगवलेल्या चेहऱ्यांवरच्या मऊ प्रकाशात. गूढकथेत तेच झाकलं जातं.

कॅमेऱ्याकडे बघणारा पासपोर्ट फोटो भिंतीवर लावून खोलीभर फिरा. तोही बघत राहील. बाजूला बघणाऱ्याचा फोटो कुठूनही तुमच्याकडे बघणार नाही.